धार तिची, कागद दुसऱ्याचा

मेहरूण हे जुनं गाव आता जळगाव शहरातच धरलं जातं. शहर वाढलं तसं गुरं चारायचं रान मागे सरकलं. गीर गाईंचे कळप घेऊन खानदेशात वावरणाऱ्या काठेवाडी कुटुंबांविषयी शहरात एक वाक्य हमखास ऐकू येतं : देशी गाईला सरकार दिवसाला ५० रुपये देतं, मग यांना काय कमी?

हे पैसे त्यांच्या वाड्यावर येत नाहीत. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य सरकारने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केलं आणि अनुदानही मंजूर केलं, पण ते गोशाळा, पांजरापोळ आणि गोरक्षण संस्थांसाठी. पहाटे धार काढणारी, शेण आवरणारी, आजारी वासराला रात्री उशाशी घेणारी बाई संस्था नसते. त्याच जातीची गाय तिच्या दावणीला असली, तरी तिला रुपया नाही. मला हा सरळ अन्याय वाटतो.

गोवंश हत्याबंदीचा या बायकांशी काय संबंध, असंही विचारतात. गाईची कत्तल १९७६ च्या कायद्यानेच बंद होती. मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. ट्रॅक्टरमुळे गोऱ्ह्यांना गिऱ्हाईक आधीच कमी, त्यात कत्तलीसाठी विकायची वाटही बंद झाली. न विकलेल्या जनावराला चारा-पाणी रोज लागतंच, आणि ते काम बहुतेक घरांत बाईच्या वाट्याला येतं. कायदा हवा की नको हा वाद वेगळा; त्याचा खर्च कुणी उचलायचा, हे मात्र कुणी ठरवलंच नाही.

गुरांच्या लम्पी या त्वचारोगाच्या २०२२ च्या साथीतला महाराष्ट्रातला पहिला रुग्ण ऑगस्टमध्ये आपल्याच जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या चिनावलला सापडला. लम्पी दुधातून माणसाला होतो, ही अफवा होती. हा आजार माणसाला होत नाही. पण दूध विकून घर चालवणाऱ्या बाईला अशी अफवा रोगाइतकीच महाग पडते. दुभती गाय दगावली तर ३०,००० रुपये मदत जाहीर झाली, ती मालकाला. मालक कोण, हे कागद सांगतो. कानातल्या १२ आकडी बिल्ल्याच्या नोंदीतही मालकाचं नाव आणि मोबाइल असतो, आणि ते सहसा घरातल्या पुरुषाचे.

जंगलात गुरं नेली की अतिक्रमण, हेही सरसकट खरं नाही. २००६ चा वनहक्क कायदा भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईहक्क मानतो. वैयक्तिक हक्काचा पट्टा तर विवाहितांच्या बाबतीत पती-पत्नी दोघांच्या नावे द्यायचा असतो. अडचण पुढे आहे : आदिवासी नसलेल्यांना तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. फिरत्या घराने तो आणायचा कुठून?

ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या २१ व्या पशुगणनेत पशुपालकांच्या जनावरांची वेगळी नोंद आणि गुरांचं काम मुख्यतः बाई करते की पुरुष, हा प्रश्न पहिल्यांदा आला. त्या आकड्यांवरून तरी ५० रुपयांची योजना संस्थांबाहेर आणावी आणि बिल्ल्याच्या नोंदीत बाईचं नाव घालावं.