दोन्ही भाषा येणारी ताई

१९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले, तेव्हा ताराबाई मोडक बालशिक्षणात नवख्या नव्हत्या. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत त्यांनी गिजुभाई बधेकांबरोबर काम केले होते, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा केला होता आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केले होते. पण बोर्डीच्या, म्हणजे डहाणूच्या पट्ट्यातली मुले दादरची नव्हती. १९४५ सालीच या भागातले वारली गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. ज्या घरात पोटाला पुरत नाही, तिथे चार वर्षांचे मूलही कामाचे असते. थोरले शेळ्या राखते, मधले धाकट्याला कडेवर घेऊन फिरते. केंद्राच्या दारात कोण येणार?

मुले येईनात, तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी वर्गच पाड्यावर नेला. झोपडीपुढच्या अंगणात भरली ती अंगणवाडी आणि गुरे चरतात तिथे भरली ती कुरणशाळा. पुढे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा शेजारी शेजारी चालत, म्हणजे कडेवरचे भावंड शाळेच्या आड येत नसे. माँटेसोरीची महागडी साधने परवडण्याजोगी नव्हती. त्यांच्या जागी शंखशिंपले, बिया, पाने, खडे आले.

या प्रयोगाची वाखाणणी बहुधा साधनांसाठी आणि सेवाभावासाठी होते. भाषेच्या अंगाने त्याच्याकडे क्वचितच पाहिले जाते. वर्ग अंगणात भरला की आई, आजी, शेजारीण कामे करता करता ऐकत असतात, मध्येच बोलतात आणि मूलही घरच्यासारखे बोलते. शिकवणाऱ्या बाईला ती बोली कळणे भाग पडते. वंचित मुलांच्या द्विभाषिकतेचा विचार करताना आपण नेहमी विचारतो, की मुलाला प्रमाण मराठी कधी येणार. आधी विचारायला हवे ते असे, की त्या वर्गातल्या कोणत्या मोठ्या माणसाला दोन्ही भाषा येतात?

२ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. पोषण, लसीकरण, वजनाची नोंद ही कामे तिच्याकडे आली. भाषेचे काम तिच्या रजिस्टरात कुठल्याच रकान्यात बसले नाही.

पालघर जिल्ह्यातच वाडा तालुक्यातल्या सोनाळ्यात २००७ साली नीलेश निमकर आणि सहकाऱ्यांनी ‘क्वेस्ट’ ही संस्था सुरू केली. तिच्या ‘पालवी’ या अंगणवाडी कार्यक्रमात भर आहे तो चित्रपुस्तक, गोष्ट आणि गप्पा यांवर. हे वरवर किरकोळ वाटते. पण दोन वर्ग डोळ्यांसमोर आणा. एकीकडे अंगणवाडीची ताई तक्त्यावर बोट ठेवून विचारते, ‘हे काय?’ मुले एका सुरात ओरडतात, ‘मोर!’ पुढचे चित्र. दुसरीकडे ताई गोष्टीचे पान उघडे धरून मराठीत विचारते, ‘हा पोरगा झाडावर का चढला असेल?’ एक मुलगी वारलीत सांगते, की खाली कुत्रा असेल. ताई तिचा शब्द सुधारत नाही. ‘हो ना, कुत्रा भुंकत असेल, म्हणून घाबरून चढला,’ असे ती मराठीत पुढे नेते. मुलीचा विचार तसाच राहतो आणि त्याला मराठी वाक्य मिळते. दुसरी भाषा अशी शिकवायला वेगळा तास लागत नाही. फक्त ताईला मुलीचे उत्तर कळावे लागते.

कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ साली मांडले होते, की पहिल्या भाषेत रुजलेली समज दुसऱ्या भाषेत कामी येते. भाषा एकमेकींची जागा अडवत नाहीत. या पायाविना शाळेत काय होते, हे वाडा आणि कर्नाटकातल्या यादगीर इथे शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात दिसले. पहिली ते तिसरीच्या वर्गांत अक्षरे गिरवणे, फळ्यावरचे उतरवणे आणि सामुदायिक घोकणे याला वेळ होता. अर्थावर बोलायला फार थोडा.

वारली मराठीच्या जवळची, म्हणून वारली मुलाला ताईचे बोलणे निदान अर्धेमुर्धे समजते. मेळघाटातल्या कोरकू मुलाची गोष्ट वेगळी. कोरकू मुंडा कुळातली, गडचिरोलीची गोंडी द्राविडी कुळातली. तिथे मराठी अंगणवाडी म्हणजे मुलासाठी परमुलूखच. ओडिशाने हा पेच सरकारी पातळीवर हाताळला. २००७ च्या सुमारास दहा आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षण सुरू झाले, त्या त्या समाजातले शिक्षक नेमले गेले. पुढे शाळेआधीच्या वयासाठी ‘नुआ अरुणिमा’ हा अभ्यासक्रमही आदिवासी भाषांत आला. पुस्तके छापण्याइतकेच महत्त्व त्यांनी माणसे नेमण्याला दिले.

एका पाड्याची एक भाषा असेल, तर हे जमते. मुंबईच्या बांधकामावर काय करायचे? मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत राजघाटाजवळ मजूर बायांच्या मुलांसाठी पाळणाघर काढले. त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था उभी राहिली आणि १९७२ साली तिचे काम मुंबईत आले. एकाच साइटवरच्या खोलीत तेलुगू, कन्नड, बंगाली, हिंदीच्या नाना बोली. इमारत पुरी झाली की मुले पांगणार. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील, तिथे पाळणाघर बंधनकारक केले, पण त्यात कोण काय बोलेल, हे त्या कायद्याने सांगितले नाही. मूल सहा वर्षांचे झाले की प्रश्न येतो माध्यमाचा. मुंबई महापालिका आठ माध्यमांच्या शाळा चालवते, पण पुढची साइट कुठे असेल, हे ठाऊक नसलेल्या आईने कोणते माध्यम निवडावे?

महाराष्ट्रात नियमाची उणीव आहे, असेही नाही. अंगणवाडी भरतीच्या जाहिरातींत एक अट असते. केंद्रातली निम्म्याहून अधिक मुले मराठीखेरीज दुसरी भाषा बोलत असतील, तर नेमल्या जाणाऱ्या बाईला ती भाषा यायला हवी. उर्दू, गोंडी, कोरकू, पावरी अशी नावेही त्यात असतात. मात्र सेविकेसाठी किमान पात्रता आता बारावी आहे. ज्या पाड्यावर बारावी झालेली मुलगी नाही, तिथे दोन्ही अटी एकाच बाईत सापडायच्या कशा?

बरे, सापडलेल्या बाईला आपण काय देतो? ती मानसेवी, तिला पगार नाही, मानधन. ग्रॅच्युइटीचा हक्कसुद्धा सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये निकाल देऊन मान्य करावा लागला. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षणाची शिफारस करते. तीन ते सहा या वयात ती शिफारस अंमलात आणणारी व्यक्ती म्हणजे हीच ताई किंवा तिची मदतनीस. पाड्यावरच्या मदतनिसाला मुलांची भाषा येते, पण तिच्या वाट्याला झाडलोट आणि खिचडी. गोष्ट सांगायला तिला बसवावे, त्यासाठी प्रशिक्षण द्यावे, बारावीची वाट न पाहता तिला पुढे शिकण्याची सोय करावी आणि भाषेच्या या कामाचे वेगळे पैसे द्यावेत. कोसबाड, सोनाळे आणि ओडिशा यांच्या अनुभवातून निघणारी ही मागणी साधी आहे. तिच्यासाठी नवी योजना नको, आहे त्या नेमणुकांत भाषा हे कौशल्य म्हणून मोजले, तरी सुरुवात होईल.