पत्ता फोटोच्या कडेला असतो

जुना फोटो हाती आला की आपण आधी माणसं बघतो. ठिकाण शोधणाऱ्याची नजर मात्र कडेला जाते. तिथं दुकानाची अर्धी पाटी असते, मागच्या घराचा कोपरा असतो, एखाद्या मोटारीची नंबरप्लेट असते.

जर्मनीत या कडा विशेष बोलक्या. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या प्लेटवर रोमन एक आणि ‘ए’ असेल तर गाडी बर्लिनची, रोमन दोन आणि ‘ए’ असेल तर म्युनिकची. अर्थात गाडी परगावीही जाते, म्हणून एका प्लेटवर निकाल द्यायचा नसतो. घरक्रमांक त्याहून भरवशाचे. बर्लिनच्या जुन्या रस्त्यांवर क्रमांक एका बाजूनं ओळीनं चढत जातात आणि टोकाला वळून समोरच्या बाजूनं परत येतात. शेजारशेजारच्या दारांवर ४१ आणि ४२ दिसले, तर बर्लिनची शक्यता वाढते. सम-विषमची पद्धत तिथं १९२९ पासूनची. कुरफ्युरस्टेनडाम हा प्रसिद्ध रस्ता तर अकराव्या क्रमांकापासून सुरू होतो, कारण १९२५ मध्ये पहिल्या दहा क्रमांकांचा तुकडा बुडापेस्टर स्ट्रासं झाला.

पाटीवर आडनावाची चार अक्षरं आणि धंदा वाचता आला, तर जुनी पत्ता-पुस्तकं कामी येतात. बर्लिनची १७९९ ते १९४३ पर्यंतची पुस्तकं आज इंटरनेटवर चाळता येतात. त्यात रस्तावार, घरवार रहिवाशांची नावं आणि व्यवसाय मिळतात. पाटीची वळणदार गॉथिक लिपी बघून मात्र घाईनं सन ठरवू नये. १९४१ मध्ये नाझी सरकारनंच ती लिपी मोडीत काढली, तरी भिंतीवरचा रंग काही फर्मान वाचत नाही. अक्षरं आरशातल्यासारखी उलटी दिसली, तर बहुधा निगेटिव्ह उलटी छापली गेलेली असते.

पत्ता सापडला, तरी तो आजही तोच असेल असं नाही. लाइपझिगचं उदाहरण पाहा. १८ एप्रिल १९४५ रोजी युद्धछायाचित्रकार रॉबर्ट कापानं तिथल्या एका फ्लॅटमध्ये, बाल्कनीच्या दारात कोसळलेल्या अमेरिकन सैनिकाचा फोटो काढला. ‘लाइफ’ साप्ताहिकात तो गाजला. जगानं मृत सैनिक पाहिला, रेमंड बोमन हे त्याचं नाव. घर मात्र दुर्लक्षित राहिलं. तेव्हाचा पत्ता फ्रांकफुर्टर स्ट्रासं ३९, आता यानआले ६१. रस्त्याचं नाव बदललं, क्रमांकही बदलला, म्हणजे कागदावर दोन वेगळी घरं! अशा वेळी पत्त्यापेक्षा बाल्कनी, कोपरा आणि खालचा रस्ता यांवर अधिक विश्वास ठेवावा. २०११ च्या शेवटच्या रात्री या पडक्या इमारतीला आग लागली. नागरिकांनी ती पाडू दिली नाही. २०१२ मध्ये बोमनचा सोबती लेहमन रिग्ज स्वतः तिथं येऊन गेला. आज ती इमारत ‘कापा हाउस’ म्हणून ओळखली जाते आणि जवळच्या रस्त्याला बोमनचं नाव आहे.

जर्मनीत शिकायला किंवा कामाला गेलेल्या आजोबा-काकांचे फोटो आपल्याकडे अनेक घरांत आहेत. ते स्कॅन करताना चेहरा मोठा करण्यासाठी कडा कापू नका. मागची बाजूही स्कॅन करा; स्टुडिओचा शिक्का, कागदाची छाप तिथंच असते. आणि ज्यांना ठिकाण आठवतं अशी माणसं घरात असतील, तर त्यांना आजच विचारून मागे मऊ पेन्सिलीनं लिहून ठेवा.