मनाली ते लेह : घाई नको, घाट आहे!

स्वतःच्या मोटारीने दूरच्या, अनोळखी वाटेला लागण्यात जी मौज आहे, ती विमानाच्या तिकिटात नाही. वाटेल तिथे थांबावे, टपरीवर चहा घ्यावा, नदी दिसली की काठावर उतरावे. या हौसेचा कळस म्हणजे लडाखची सफर. महाराष्ट्रात पाऊस कोसळत असतो तेव्हा पर्जन्यछायेतले लेहचे रस्ते खुले असतात. साहजिकच जून ते सप्टेंबर या काळात ‘एमएच’ पाटीच्या गाड्या तिथे हमखास भेटतात.

मनाली-लेह हा पूर्वी सुमारे ४७५ किलोमीटरचा प्रवास होता. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगद्याचे उद्‍घाटन झाले आणि ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड टळून अंतर ४६ किलोमीटरने घटले. पुढे मात्र बारालाचा ला, गाटा लूप्सची २१ वळणे आणि ५,३२८ मीटरवरची तांगलांग ला तशीच उभी आहेत. कळसूबाईच्या तिपटीहून अधिक उंचीवरून इथे मोटार जाते.

खरी परीक्षा वळणांची नसते, हवेची असते. पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा होतो. वेफर्सची पाकिटे फुगतात, टर्बो नसलेले इंजिन चढावर दमते आणि दर श्वासागणिक मिळणारा प्राणवायूही निम्म्यावर येतो. शरीर याला सरावते, पण त्याला वेळ लागतो. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका रात्रीत सुमारे ५०० मीटरहून अधिक वाढवू नये, असा वैद्यकीय संकेत आहे. २,०५० मीटरवरच्या मनालीहून निघून दुसऱ्याच रात्री चार हजार मीटरच्या वरच्या सरचूला तंबूत झोपणारे हा संकेत मोडतात. डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश ही त्याची पहिली चिन्हे. ती बळावली, दम लागू लागला किंवा तोल जाऊ लागला, तर फुफ्फुसात किंवा मेंदूत पाणी साचण्याचा जिवावरचा धोका असतो. अशा वेळी विनाविलंब खाली उतरणे हाच मुख्य उपाय.

बोगद्याने तास वाचवले, शरीराचा वेग मात्र बदललेला नाही. म्हणूनच श्रीनगरमार्गे जावे आणि मनालीमार्गे परतावे, हे शहाणपणाचे. श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर, कारगिल २,७०० मीटरच्या आसपास आणि लेह ३,५०० मीटरवर. म्हणजे चढ पायरीपायरीने होतो. वाटेत द्रास, लामायुरूचा मठ आणि सिंधूची साथ लाभते. लेहला पहिले दोन दिवस विश्रांती घेतली, की परतीच्या उंच खिंडी डोळे भरून पाहता येतात.

परतताना लेहलाच टाकी भरून घ्यावी. लाहौलमधील टांडीच्या पंपाबाहेर ‘पुढील पंप ३६५ किलोमीटरवर’ अशी पाटी वर्षानुवर्षे झळकत असे, ती उगाच नव्हे. बर्फ उन्हाने वितळून दुपारनंतर ओढ्यांचे पाणी चढते, म्हणून पहाटे निघून ते सकाळीच ओलांडावेत.

शिवाय रजेचे एक-दोन दिवस राखून ठेवावेत. दरड कोसळून रस्ता बंद झाला, तर हातात राखीव दिवस असलेला प्रवासी निवांत मुक्काम करतो. नसलेला रात्री-अपरात्री घाट चढू लागतो.