ऑर्डरी दुप्पट झाल्या, तरी गल्ला रिकामा का? काजू कारखान्याच्या उदाहरणातून समजून घ्या

मालवण तालुक्यातल्या आचरा परिसरात काजूचा हंगाम साधारण मार्च ते मे असतो. पाऊस सुरू होण्याआधी कारखानदाराला वर्षभराची बी विकत घेऊन, वाळवून गोदामात भरावी लागते. गर मात्र पुढे महिनोन् महिने विकला जातो आणि मोठी मागणी येते ती गणपती-दिवाळीला. म्हणजे पैसे एकदम जातात आणि थोडे थोडे परत येतात. धंदा वेगाने वाढू लागला की फायद्यातला कारखानाही याच कारणाने अडचणीत येऊ शकतो.

फायदा असूनही पैसे कमी कसे पडतात?

एक काल्पनिक हिशोब पाहूया. समजा, आचऱ्यातल्या एका कारखान्याने १२० रुपये किलोने १० टन बी घेतली. खर्च १२ लाख. चार किलो बीपासून साधारण एक किलो गर मिळतो, म्हणजे अडीच टन गर. तो ७०० रुपये किलोने विकून साडेसतरा लाख आले. मजुरी, जळण आणि पॅकिंगचे ३ लाख वजा केले तर अडीच लाखांचा नफा.

पुढच्या वर्षी मागणी दुप्पट झाली. आता २० टन बी हवी, म्हणजे हंगामातच २४ लाख रोख लागणार. पण साडेसतरा लाखांपैकी ४ लाख मुंबईच्या व्यापाऱ्याकडे उधारीत अडकलेत. हातात उरले साडेतेरा लाख. तूट साडेदहा लाखांची, आणि त्यात मजुरी अजून धरलेलीच नाही. वहीत नफा दिसतो, पण तो पैसा गोदामातल्या मालात आणि उधारीत असतो.

मग कर्ज कोणतं घ्यायचं?

बी घेण्यासाठी खेळत्या भांडवलाचं कर्ज, म्हणजे कॅश क्रेडिट, सोयीचं असतं. जेवढी रक्कम जितके दिवस वापरली, तेवढ्यावरच व्याज लागतं. साडेदहा लाख १२ टक्के दराने सहा महिने वापरले, तर व्याज ६३ हजार. हे व्याज विक्रीचा दर ठरवतानाच धरायला हवं.

बी फोडण्याचं यंत्र किंवा ड्रायर घ्यायचा असेल तर मुदत कर्ज घ्यावं. यंत्राची किंमत वसूल व्हायला काही वर्षं लागतात. कॅश क्रेडिटमधून यंत्र घेतलं, तर ऐन हंगामात बी घ्यायला मर्यादा शिल्लक राहत नाही.

बँक किती देते?

लहान उद्योगांना अंदाजित उलाढालीच्या किमान २० टक्के खेळतं भांडवल द्यावं, असा नायक समितीच्या शिफारशीवर आधारलेला नियम आहे. आपल्या उदाहरणात उलाढाल ३५ लाख धरली, तर हे होतात ७ लाख. पण या सूत्रात पैसा साधारण तीन महिन्यांत फिरून परत येतो, असं गृहीत आहे. काजूत तो सहा महिने किंवा जास्त अडकतो. त्यामुळे महिनावार जमा-खर्चाचा तक्ता दाखवून जास्त मर्यादा मागणं रास्त ठरतं.

२०१५ पासूनच्या मुद्रा योजनेत १० लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. 'तरुण' गटातलं आधीचं कर्ज फेडलेल्यांसाठी ही मर्यादा २०२४ मध्ये २० लाख झाली.

उधारी वसूल करायला कायदा आहे का?

आहे. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, मुदतीत न दिलेल्या रकमेची प्राप्तिकरातली वजावट खरेदीदाराला ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत मिळत नाही. यासाठी कारखान्याची 'उद्यम' नोंदणी असावी आणि नोंदणी क्रमांक बिलावर छापलेला असावा.

अर्थात, कायम गिऱ्हाइकावर तक्रार करायला कुणी सहसा धजावत नाही. म्हणून नवी मोठी ऑर्डर घेतानाच थोडी आगाऊ रक्कम मागावी. ती मिळत नसेल आणि बँकेची मर्यादाही पुरत नसेल, तर यंदा २० ऐवजी १४ टनच बी घ्यावी. उरलेली वाढ पुढच्या हंगामातही करता येते.