कान्हेरी : एका महाविहाराची हजार वर्षे

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीला जाणारे बहुतेक लोक तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातला चैत्य पाहतात, व्हरांड्यातल्या प्रचंड बुद्धमूर्तींजवळ फोटो काढतात आणि उतरू लागतात. त्यांच्या माथ्यावर डोंगरभर शंभराहून अधिक लेणी पसरलेली असतात. अजिंठ्याला चित्रांमुळे आणि वेरूळला कैलासामुळे मान मिळाला. कान्हेरीत असे एकच डोळे दिपवणारे काम नाही, म्हणून तिला दुय्यम लेखायची सवय लागली आहे. मला ही सवय अन्यायाची वाटते. इसवी सनाच्या आरंभापासून दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत, म्हणजे सुमारे हजार वर्षे, भिक्खूंची मोठी वस्ती एका जागी कशी राहिली, काय प्यायली, कुणाच्या पैशावर जगली आणि आपल्या मृतांचे काय करीत होती, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारी जागा पश्चिम भारतात दुसरी नाही.

जागा निवडणाऱ्यांची नजर पक्की होती. साष्टी बेटाच्या मधोमध, दाट रानात असा हा काळ्या कातळाचा डोंगर. शिलालेखांत त्याला कृष्णगिरी म्हटले आहे. बंदरांचा गजबजाट इथे ऐकू येत नसे, पण बंदरे दूरही नव्हती. उत्तरेला सोपारा, पूर्वेला खाडीकाठचे कल्याण, दक्षिणेला चौल. घाटावरून उतरणारा माल या बंदरांतून समुद्रापार जाई आणि त्या व्यापारातला पैसा लेण्यांच्या खोदकामाकडे वळे. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याण, सोपारा, चौल, नाशिक इथल्या दात्यांची नावे आहेत. सोनार आहेत, लोहार आहेत, व्यापारी आहेत, भिक्खू आणि भिक्खुणीही आहेत. एका टाक्याच्या लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख आहे. ती कार्दमक घराण्यातली, महाक्षत्रपाची मुलगी. सातवाहन आणि क्षत्रप एकमेकांशी लढत असताना त्यांच्यात सोयरीकही झाली होती, हे इतिहासकारांना कळले ते पाण्याच्या टाक्याजवळ कोरलेल्या या ओळींमुळे.

चैत्याचे काम दुसऱ्या शतकाच्या अखेरीचे, यज्ञश्री सातकर्णीच्या राजवटीतले. खर्च केला गजसेन नावाच्या व्यापाऱ्याने आणि त्याच्या भावाने. नमुना उघडच कार्ल्याचा आहे : गजपृष्ठाकृती छत, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, टोकाला स्तूप, दर्शनी भिंतीवर दात्यांची दांपत्ये. लांबी सुमारे २६ मीटर, खांब ३४. कार्ल्याशी तुलना केली की कान्हेरी उणी पडते. प्रमाणात तो डौल नाही, कोरीवकामात तो हात नाही. पण खांब नीट पाहावेत. काही खांबांना खाली घट आणि वर प्राण्यांवर बसलेल्या आकृतींची शीर्षे आहेत. बाकीचे साधे अष्टकोनी सोडून दिले आहेत. काम मध्येच आवरते घेतले गेले, हे दगडच सांगतो. इथला लेख दात्यांच्या नावांवर थांबत नाही. बांधकामावर देखरेख करणाऱ्या भिक्खूची, ‘सेलवढकी’ म्हणजे दगड घडवणाऱ्या कारागिरांची आणि दगडाला झिलई देणाऱ्याचीही नोंद त्यात आहे. ज्यांच्या हातांनी डोंगर पोखरला त्यांना लेखात जागा देणारे दाते मला गजसेनाच्या संपत्तीपेक्षा मोठे वाटतात.

व्हरांड्याच्या दोन्ही टोकांच्या सुमारे सात मीटर उंच बुद्धमूर्ती पुढच्या काळातल्या, पाचव्या-सहाव्या शतकातल्या. त्याच सुमारास डोंगरभर जुन्या साध्या लेण्यांच्या भिंतींवर मूर्ती कोरल्या जाऊ लागल्या. ४१ व्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे, भारतातल्या शिल्पांत फार दुर्मीळ. ९० व्या लेण्यात हाच बोधिसत्त्व संकटात सापडलेल्या भक्तांना सोडवताना दाखवला आहे. दात्यांत दर्यावर्दी व्यापारी किती होते हे आठवले की त्या पटातली बुडती नाव वेगळ्या नजरेने पाहिली जाते. ३४ व्या लेण्याच्या छतावर बुद्धाचे अपुरे राहिलेले चित्र आहे. एरवी इथला रंग जवळजवळ सगळा गेला.

खरी कान्हेरी मात्र चैत्याच्या वर, पायऱ्यांच्या पलीकडे आहे. या पायऱ्याही कातळातच खोदलेल्या. एखादे साधे लेणे घ्या : पुढे छोटे अंगण, दोन खांबांचा व्हरांडा, आत खोली, तिच्या भिंतीलगत दगडी बाक, बाजूला झोपण्याची कोठडी, उजेडासाठी दगडी जाळीची खिडकी. आणि अंगणाच्या कडेला, कातळाच्या पोटात, पाण्याचे टाके. लेखांत त्याला ‘पोढी’ म्हणतात आणि लेण्यासोबत पोढी दान केल्याचे पुन्हापुन्हा येते. कोकणात चार महिने आभाळ कोसळते आणि नंतरचे आठ महिने कातळ तापत राहतो. ज्या पावसामुळे भिक्खूंना वर्षावासासाठी एका जागी थांबावे लागे, तोच पाऊस उन्हाळ्यापर्यंत पुरवायचा होता. त्यासाठी डोंगराच्या पृष्ठावर पन्हळी खोदून पाणी टाक्यांकडे वळवले, उताराने एका टाक्याचे पाणी दुसऱ्याकडे नेले. खालच्या ओढ्यावर बांध घातल्याच्याही खुणा आहेत. मुसळधार पावसात वर गेलात तर पाणी अजून जुन्या पन्हळीने धावताना दिसते. इंग्रजांनी मुंबईसाठी १८६० मध्ये विहार तलाव पुरा केला तो याच डोंगररांगेचे पाणी अडवून. त्याच्या सतरा शतके आधी हे गणित इथे सुटले होते.

पाण्याइतकीच पैशाचीही सोय लावलेली होती. तिचे नाव ‘अक्षयनीवी’ : मूळ ठेव मोडायची नाही, तिच्या व्याजातून किंवा दिलेल्या जमिनीच्या उत्पन्नातून भिक्खूंची चीवरे आणि इतर खर्च भागवायचा. राजवटी बदलल्या तरी ही व्यवस्था टिकली. नवव्या शतकात राष्ट्रकूट अमोघवर्षाचे मांडलिक असलेले शिलाहार कोकणावर राज्य करीत होते, तेव्हा गौड देशातून, म्हणजे आजच्या बंगालकडून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने इथे शंभर द्रम्मांची कायम ठेव ठेवली. ११ व्या लेण्यात, दोन लांब बुटक्या दगडी बाकांच्या मोठ्या सभागृहाजवळ, त्या काळाचे लेख आहेत. ज्यांना वाटते की बौद्ध धर्म सातवाहनांबरोबरच या प्रदेशातून ओसरला, त्यांनी हे लेख विचारात घ्यावेत.

दूरदेशीच्या माणसांची ये-जा आधीपासून होती. चैत्यासमोरच्या स्तूपात १८३९ मध्ये जेम्स बर्ड यांना एक ताम्रपट सापडला. त्रैकूटकांच्या २४५ व्या वर्षाचा, म्हणजे पाचव्या शतकाच्या शेवटचा. सिंधू देशातल्या बुद्धरुचीने कृष्णगिरीच्या महाविहारात सारिपुत्ताच्या नावे चैत्य उभारल्याची ती नोंद. पुढे ९० व्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख कोरले गेले, १००९ आणि १०२१ सालचे. पारशी यात्रेकरूंनी आपली नावे आणि तारखा इथे ठेवल्या.

या सर्वांत मला सर्वाधिक हलवणारी जागा म्हणजे डोंगराच्या बाजूची लांब उथळ कपार. कान्हेरीचे स्मशान ते. तिथे विटांच्या लहान लहान स्तूपांच्या रांगा होत्या आणि प्रत्येक स्तूप एका दिवंगत थेराचा, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूचा. डेक्कन कॉलेजच्या डॉ. शोभना गोखले यांनी तिथले लेख वाचले तेव्हा थेरांच्या नावांबरोबर त्यांच्या साधनेच्या पायऱ्या सांगणारी विशेषणेही उजेडात आली. विद्वान आणि साधक म्हणून ज्यांना इथे मान होता, त्यांची ही हजेरी. कान्हेरीच्या शिलालेखांवरचा गोखले यांचा ग्रंथ १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईच्या इतिहासावर हौसेने बोलणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा तरी हाताळायला हवा.

अकराव्या शतकानंतर वस्ती विरळ होत गेली आणि रानाने डोंगर परत घेतला. १५३४ मध्ये वसईच्या तहाने साष्टी पोर्तुगीजांकडे गेली, फ्रान्सिस्कन पाद्री आले आणि चैत्यातच चर्च थाटले गेले. भुयार थेट खंबायतपर्यंत जाते, अशी कहाणीही त्या काळच्या लेखनात शिरली. मोजमाप आणि लेखवाचन सुरू झाले ते एकोणिसाव्या शतकात.

आज ही लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. सुटीच्या दिवशी गर्दी उसळते, टाक्यांत बाटल्या तरंगतात, खांबांवर खिळ्याने नावे ओरखडलेली दिसतात. बाराशे वर्षांपूर्वी बंगालहून आलेल्या माणसाने ज्या विहारासाठी ठेव ठेवली, त्याची देखभाल ज्यांच्या दारात तो आहे त्या मुंबईकरांनी तरी करावी. सोमवारी उद्यान बंद असते. इतर कुठल्याही दिवशी सकाळी लवकर जा, चैत्याशी थांबू नका, वरच्या लेण्यांपर्यंत चढा. आणि टाक्यात काहीही टाकू नका.