ॲव्हरेज उजव्या पायात असतं

आष्टी तालुक्यात जुनी गाडी बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती देते?" इंजिन, रंग, पासिंग हे सगळं नंतर. कड्यासारख्या गावात या प्रश्नाला वजनही तसंच आहे. मोठा दवाखाना नगरला, तहसीलचं काम आष्टीला, जिल्ह्याचं ठिकाण बीडला. त्यातही बीडपेक्षा नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, जवळ. घरात चारचाकी आली की महिन्याला हजार किलोमीटर सहज होतात आणि पेट्रोलचा खर्च किराण्याच्या यादीशेजारी येऊन बसतो.

पंपावरचा भाव आपल्या हातात नाही. पण एका लिटरमध्ये गाडी किती चालवायची, यातला मोठा हिस्सा आपल्या हातात आहे. नेमकं सांगायचं तर उजव्या पायात आहे.

कंपनीचा आकडा आणि आपला आकडा

जाहिरातीत छापलेलं ॲव्हरेज हे चाचणी संस्थेने प्रमाणित केलेलं असतं. पुण्यातली एआरएआय ही त्यातली सर्वांत परिचित संस्था, १९६६ साली स्थापन झालेली. या चाचणीत गाडी रस्त्यावर धावत नाही, प्रयोगशाळेतल्या रोलरवर चालते. चाचणी सुमारे वीस मिनिटांची, कमाल वेग ताशी ९० किलोमीटर आणि एसी बंद. दोन गाड्यांची तुलना करायला हा आकडा उत्तम आहे. पण मे महिन्याच्या उन्हात, पाच माणसं आणि त्यांच्या बॅगा घेऊन गाडीने तेवढंच द्यावं, ही अपेक्षा चुकीची आहे.

आपला खरा आकडा आपणच काढायचा. टाकी फुल करा आणि किलोमीटरची नोंद करा. चार-पाचशे किलोमीटर चालल्यावर त्याच पंपावर, नोझल आपोआप बंद होईल तिथपर्यंत पुन्हा फुल करा. चाललेल्या किलोमीटरला दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरने भागा. असं दोन-तीनदा केलं की गाडीचा स्वभाव कळतो. पुढे हा आकडा अचानक घसरला, तर गाडी काहीतरी सांगते आहे असं समजावं.

ब्रेकमध्ये जळणारं पेट्रोल

पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी साधारण पाव हिस्साच चाकांपर्यंत पोचतो. बाकीची उष्णता होऊन सायलेन्सर आणि रेडिएटरमधून निघून जाते. त्या पाव हिश्श्यातलं जे गाडीच्या वेगात जमा होतं, ते आपण ब्रेक दाबून पुन्हा उष्णतेत घालवतो.

याचा हिशेब मांडता येतो. माणसांसह १,२०० किलो वजनाची गाडी शून्यावरून ताशी ८० किलोमीटर वेगाला न्यायची तर फक्त वेग वाढवण्यासाठी सुमारे ३५ मिलिलिटर पेट्रोल लागतं. आता नगर रस्त्यावर धानोरा, चिचोंडी पाटील अशी गावं लागतात आणि तिथे वेग कमी करावाच लागतो. ८० च्या वेगाने गतिरोधकाच्या तोंडाशी येऊन कचकन ब्रेक मारला आणि वेग २० वर आणला, तर जमवलेल्या ऊर्जेपैकी ९० टक्क्यांहून अधिक ब्रेकच्या डिस्कमध्ये जिरली. पुन्हा ८० गाठायला तेवढंच पेट्रोल ओता. १०५ रुपये लिटरचा भाव धरला तर एका ब्रेकची किंमत सुमारे साडेतीन रुपये. असे दहा ब्रेक म्हणजे ३५ रुपये.

उपाय साधा आहे. नजर लांब ठेवायची. गाव दिसलं, पुढे ट्रॅक्टर-ट्रॉली दिसली, की दोन-तीनशे मीटर आधीच ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा. गाडी गिअरमध्येच राहू द्यायची. आजच्या इंजेक्शन प्रणालीच्या गाड्यांमध्ये गिअर टाकलेला असताना पाय उचलला की इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंद होतो. म्हणजे तेवढं अंतर फुकटात कापलं जातं आणि ब्रेक हलका लावावा लागतो. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार धसमुसळ्या चालवण्याने महामार्गावर १५ ते ३० टक्के, तर थांबत-थांबत जाणाऱ्या वाहतुकीत १० ते ४० टक्के ॲव्हरेज कमी होऊ शकतं. दुसऱ्या कुठल्याही सवयीत एवढी बचत नाही.

घाट उतरताना न्यूट्रल नको

इथेच एक जुनी आणि धोकादायक समजूत दूर करायला हवी. सौताड्याचा घाट उतरताना अनेक जण गाडी न्यूट्रल करतात, काही तर इंजिनच बंद करतात. कार्ब्युरेटरच्या काळात न्यूट्रलने थोडं पेट्रोल वाचतही असेल. आजच्या गाडीत हिशेब उलटा आहे. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं, गिअरमध्ये उतारावर ते लागत नाही. शिवाय न्यूट्रलमध्ये इंजिनचा रोध नसतो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि तापलेले ब्रेक निकामी होतात. इंजिन बंद केलं तर पॉवर ब्रेक आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जड होतात. घाट खालच्या गिअरमध्येच उतरावा. त्यात जीवही वाचतो आणि इंधनही.

वेग आणि वारा

हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० वरून १०० वर गेलं की वेग २५ टक्के वाढतो, हवेचा रोध मात्र ५६ टक्के. ४० किलोमीटरच्या टप्प्यात या घाईने वाचतात ६ मिनिटं, तीही रस्ता पूर्ण मोकळा असेल तर. म्हणून टॉप गिअरमध्ये ७० ते ८० चा स्थिर वेग हा खिशाला परवडणारा वेग.

टपावरच्या कॅरियरचंही तेच. लग्नाचं सामान पोचवून झालं की कॅरियर उतरवून ठेवावं, रिकामं असलं तरी ते वारा अडवतं. डिकीत महिनोन्महिने फिरणारी बियाण्याची पोती, लोखंडी सामान उतरवावं. दर ४५ किलो जादा वजनामागे ॲव्हरेज साधारण एक टक्का कमी होतं.

उन्हात उभी राहिलेली गाडी भट्टीसारखी तापते. बसल्याबरोबर एसी पूर्ण सोडण्याऐवजी आधी दारं-काचा उघडून गरम हवा बाहेर जाऊ द्यावी. गावातल्या संथ वेगात काचा उघड्या चालतात. मोठ्या रस्त्यावर काचा लावून बेताचा एसी बरा.

हवा, ऑईल, फिल्टर

चाकांतली हवा कमी झाली की टायर रस्त्याला जास्त चिकटून चालतो आणि इंजिनला तेवढा जोर लावावा लागतो. चांगल्या टायरमधूनही महिन्याला एखादा पीएसआय हवा कमी होतेच. कमी हवेने इंधन जातं, टायर कडेने झिजतो आणि उन्हाळ्यात तापून फुटण्याचा धोका वाढतो. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर असतो. भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असेल तर तोही तिथेच दिलेला असतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. दुपारी तापलेल्या टायरमध्ये आकडा वाढलेला दिसतो, म्हणून हवा सोडू नये.

ऑईल गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच घालावं. जाड ऑईल चांगलं, ही समजूत जुन्या इंजिनांची. चुकीच्या ग्रेडने एक-दोन टक्के इंधन जास्त जातं. एअर फिल्टरबद्दल मात्र खरं सांगायला हवं. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत फिल्टर चोंदला तरी ॲव्हरेज फारसं घटत नाही, कारण संगणक इंधनाचं प्रमाण सांभाळतो. गाडीची ओढ मात्र मरते. फुफाट्याच्या रस्त्यावर फिरणाऱ्यांनी इंजिनाच्या आयुष्यासाठी तरी तो वेळेवर बदलावा. डिझेल पिकअप काळा धूर सोडत असेल, तर ते अर्धवट जळलेलं डिझेल आहे, गाडी लगेच दाखवावी. प्रवासानंतर एकाच चाकाजवळ जास्त उष्णता किंवा करपट वास आला, तर ब्रेक जाम असण्याची शक्यता असते. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवायची सवयही मोडावी.

पंपावरचे समज आणि इथेनॉल

पहाटे थंड पेट्रोल भरलं तर जास्त मिळतं, असं अनेक जण मानतात. पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात, तिथलं तापमान दिवसभरात फारसं बदलत नाही. १०० ऐवजी ११० रुपयांचं भरल्यानेही माप बदलत नाही. शंका आली तर पंपावर ठेवलेलं पाच लिटरचं प्रमाणित माप मागून तपासणी करून घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे. तो वापरावा.

गेल्या दोन-तीन वर्षांत ॲव्हरेज थोडं घटल्याची तक्रार मात्र सगळीच मनाची नाही. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या रचनेच्या चारचाकींचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्के, तर तयारीने बनवलेल्या गाड्यांचं १ ते २ टक्के घटेल असा अंदाज होता. ही घट भरून काढायला हाताशी आहे ती चालवण्याची सवय.

हिशेब शेवटी असा

महिना हजार किलोमीटर चालणारी गाडी १६ ऐवजी १८ देऊ लागली, तर सुमारे ७ लिटर पेट्रोल वाचतं. म्हणजे महिन्याला सव्वासातशे आणि वर्षाला साडेआठ हजारांहून जास्त रुपये. एक लिटर पेट्रोल जळताना सव्वादोन किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तोही तेवढा कमी. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून आणावं लागतं, हेही विसरू नये. इंधन बचतीचा प्रचार करणारी पीसीआरए ही सरकारी संस्था १९७८ पासून हेच सांगत आली आहे. एकट्याने नगरला जायचं असेल आणि वेळ जुळत असेल, तर रेल्वेचाही विचार करावा. २३ सप्टेंबर २०२२ रोजी नगर-आष्टी मार्ग सुरू झाला, त्यावर कडा स्थानक आहे, आणि १७ सप्टेंबर २०२५ पासून गाडी बीडपर्यंत जाते.

यातल्या कुठल्याच सवयीला पैसे लागत नाहीत. चारही चाकांची आणि स्टेपनीची हवा तपासा, टाकी फुल करा, किलोमीटर लिहून ठेवा आणि पुढचा महिनाभर ब्रेकच्या आधी ॲक्सिलरेटर सोडून बघा. फरक तुमच्याच वहीत दिसेल.