गाडीच्या पोटाखालचा लेप

निजामाच्या रेल्वेखात्याने १९३२ च्या जून महिन्यात २७ अल्बियन बसगाड्या आणि १६६ नोकर घेऊन सडकेवरील वाहतुकीचा अंमल सुरू केला, आणि पुढे दहा वर्षांनी सरकारी औद्योगिक निधीच्या आश्रयाने निघालेल्या ऑल्विनच्या कारखान्यात कालांतराने बसगाड्यांच्या बॉड्याही बांधल्या जाऊ लागल्या. तेव्हा पत्रा ठोकण्याची, जोडण्याची आणि त्याचे गंजापासून रक्षण करण्याची विद्या हैदराबादला परकी राहिली नाही, यात नवल ते काय? आज राणीगंजच्या सुट्या भागांच्या पेठेत किंवा वनस्थलीपुरमजवळच्या ऑटोनगरात 'अँटिरस्ट' या नावाने जो काळा लेप गाडीच्या पोटाला मारतात, त्याच्याकडून मात्र केवळ गंजाचा बंदोबस्त व्हावा एवढ्यावर गिऱ्हाईक संतुष्ट नसते. त्याच लेपाने चाकांचा आवाज दबावा आणि मे महिन्याच्या सडकेची धगही आत येऊ नये, अशी त्याची अपेक्षा असते, आणि विक्रेता ती मोठ्या खुशीने मान्य करतो.

काम पाहण्यासारखे असते. गाडी लिफ्टवर चढली की पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने चिखल सुटतो, तारेच्या ब्रशाने सैल गंज निघतो, आणि मग कसबी कारागीर सायलेन्सर, ब्रेकचे भाग आणि फिरणारा शाफ्ट कागदाने झाकून घेतो, कारण तापत्या सायलेन्सरवर पडलेला डांबरी लेप धूर सोडतो आणि प्रसंगी पेटही घेऊ शकतो. ज्याची खरी पारख करावी ती गोष्ट याहून लहान आहे: पाणी वाहून जाण्यासाठी दारांच्या आणि दारांखालच्या पोकळ पट्ट्यांच्या खालच्या कडेला कारखान्यानेच ठेवलेली छिद्रे. घाईत ती बुजली, तर आत साचलेले पाणी पत्र्याला आतूनच खाते आणि बाहेरून लेप चकाकत राहतो.

हैदराबाद समुद्रापासून दूर, दख्खनच्या पठारावर आहे; येथे खारा वारा नाही, म्हणून मुंबईकराच्या गाडीपेक्षा येथील गाडीला गंजाचा जाच कमी. तथापि पावसाळ्यात चाकांच्या कमानींत चिकटून राहणारा ओला चिखल आणि उडणारी खडी हे दोन शत्रू येथेही पुरेसे आहेत. लोखंडाला गंजण्यासाठी पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. त्यांना अडवणे हे लेपाचे मूळ आणि, माझ्या मते, अनुल्लंघनीय कर्तव्य होय.

आता आवाजाचे पाहू. गाडीचा पातळ पत्रा कंप पावला की तो घणघणतो. डांबर किंवा रबर यांसारखा चिवट पदार्थ त्याला घट्ट बसला, म्हणजे कंपनाची शक्ती त्या पदार्थाच्या अंतर्घर्षणात उष्णतेच्या रूपाने विरते, आणि पत्र्यावर टिचकी मारली असता टणत्काराऐवजी ठस्स असा बोथट नाद येतो. अभ्रकाची पूड घातली तर हा गुण वाढतो, आणि अभ्रकाचे चपटे पापुद्रे एकावर एक निजून पाण्याची वाटही लांबवतात, हा दुहेरी लाभ. परंतु बाहेरचा आवाज अडवणे हे प्रकरण वेगळे. तेथे वजन लागते. ०·८ मिलिमीटर जाडीचा पत्रा दर चौरस मीटरला सुमारे सव्वासहा किलो भरतो, त्यावर १ मिलिमीटर लेपाने जेमतेम सव्वा किलो भर पडते, आणि एवढ्या वाढीने वस्तुमानाच्या हिशेबाने फक्त दीडएक डेसिबल आवाज घटतो. तो कानाला क्वचितच जाणवेल.

उष्णतेचा दावा तर याहून दुबळा आहे. काचेच्या सूक्ष्म पोकळ गोळ्या मिसळलेला १ मिलिमीटर लेप उष्णतेला जो विरोध करतो, त्याच्या सुमारे दहापट विरोध गाडीच्या आतील पृष्ठभागाला लगटून राहणारा स्थिर हवेचा थर फुकटात करतो. उष्णता खरोखर अडवावयाची असेल, तर जाडी हवी, किंवा सायलेन्सरसमोर मोकळी हवा राखून लावलेली ॲल्युमिनियमची ढाल हवी. याच शहरात, बाळापूरच्या एआरसीआय या संशोधन केंद्राने सिलिका एरोजेलचे उष्णतारोधक पत्रे विकसित केले आहेत. तो पदार्थ अतिशय गुणी खरा, पण तो थर म्हणून बसवण्याचा, डब्यात ढवळण्याचा नव्हे.

कारण लेपात घालावयाच्या भुकटीला एक मर्यादा असते. लाडवाला पाक कमी पडला की तो जसा भुगा होतो, तसेच सर्व कण भिजवून मधल्या फटी भरण्याइतके बांधणारे द्रव्य उरले नाही, की लेप सच्छिद्र बनतो. रंगशास्त्रात या मर्यादेला भुकटीच्या आकारमानाची क्रांतिक सीमा म्हणतात. सीमा ओलांडलेला लेप पाणी शोषतो, आणि परलाइटसारखी छिद्रमय भर असली तर ते धरूनही ठेवतो. ज्या शहरात १९४४ पासून रसायनसंशोधनाची मध्यवर्ती प्रयोगशाळा आहे (आज ती तार्नाक्याची आयआयसीटी होय), तेथे तरी ही गोष्ट गिऱ्हाइकापासून लपून राहू नये.

म्हणून माझा निवाडा असा, की खालून निखळ गंजरोधक लेप द्यावा, पोकळ भागांत मेणाचा फवारा मारावा, आणि आवाजासाठी आतल्या बाजूने, गालिचाखाली, डांबरी चकत्या चिकटवाव्यात. तिन्ही कामे एकाच डब्यावर सोपवू नयेत. आणि गाडी ताब्यात घेण्यापूर्वी, काच खाली करून दाराच्या काचेच्या फटीतून तांब्याभर पाणी ओतून ते खालच्या छिद्रांतून वाहते की नाही, हे वाचकाने स्वतः पाहावे. पैसे त्यानंतर द्यावेत.